तांब्याचं पाणी

दिनू, तुझं शेवाळ पिवळं पडलंय.

तुझ्याबद्दल बोलायचं ते सगळं बाकीच्यांनी बोलून झालं. तेराव्याला आलेल्या माणसांनी तुझा स्वभाव, तुझं शिकवणं, गल्लीत कुणाच्याही अडीअडचणीला धावून जाणं, यातलं काही सोडलं नाही. मी मान हलवत ऐकलं. त्यात खोटं काही नव्हतं, पण ते ऐकून तू उठून बसला असतास असंही काही नव्हतं. ही बातमी ऐकून मात्र उठला असतास, म्हणून ती पहिली सांगते. तुझ्या आजारपणाच्या धावपळीत खिडकीतल्या फळीवरच्या नळ्यांकडे कुणी पाहिलंच नाही. महिन्याच्या महिन्याला जुन्या नळीतलं चिमूटभर हिरवं नव्या नळीत सोडायचं, हे काम तुझं. मुक्ताच्या लग्नात दारात व्याही उभे असताना तू वर जाऊन ते उरकून आला होतास आणि उशीर कशाने झाला म्हणून विचारल्यावर खुशाल 'पूजेत होतो' म्हणाला होतास.

परवा मी फळीवरचा पडदा सारला तर सगळ्या नळ्या लिंबाच्या सालीच्या रंगाच्या झालेल्या. तू खरंच गेलास हे मला तेव्हा कळलं. घाटावर कळलं नव्हतं, तिथे फार माणसं होती.

दुसरी बातमी अशी की मुक्ता मला पुण्याला न्यायला बसली आहे. तिचं म्हणणं सरळ आहे. गल्लीत गाडी येत नाही, जिना उभा आहे, उद्या मला काही झालं तर खुर्चीत बसवून रस्त्यापर्यंत कोण नेणार? तुला नेलं तेव्हा काय झालं ते तिने डोळ्यांनी पाहिलंय, त्यामुळे मला वाद घालता येत नाही. जावईही चांगला आहे. निखिलने माझ्यासाठी खोली रिकामी करून ठेवली आहे, खिडकीत ऊन येतं असं दोनदा सांगितलं. मी हो म्हटलंय. म्हणजे नाही म्हटलेलं नाही, आणि मुक्ताने ते हो धरलंय. शेवटी मुलगी तुझीच. नळ्यांचं काय करायचं असं तिने विचारलं तेव्हा मी म्हटलं, माझ्या कॉलेजला देऊन टाकू. पण असल्या पिवळ्या नळ्या कुणाच्या हाती देणार? आधी त्या हिरव्या करून मग द्याव्यात म्हणून मी कामाला लागले, आणि तिथून सगळं आठवत गेलं.

सांगलीहून मी इथे काशीला संशोधनाला आले तेव्हा आमच्या मजल्यावर मराठी पाटी एकच होती, तुझी. शेजारच्या रसायनाच्या प्रयोगशाळेत तू बसायचास. आडनाव वाचून मी हरखून गेले आणि तू तोंड उघडल्यावर तेवढीच चक्रावले. 'बैस नं, चाय घेशील? आत्ता मंगवतो.' ते 'मंगवतो' ऐकून मला हसू आवरेना. तुला राग आला. तू म्हणालास, आमची मराठी तुमच्यापेक्षा जुनी आहे. पूर्वज घेऊन आले तशी बरणीत झाकून ठेवलीय, लोणच्यासारखी मुरलीय. मी म्हटलं, मुरली नाहीये, हिंदीत भिजलीय. हा वाद त्या दिवशी सुरू झाला तो तू जाईपर्यंत चालू होता, आणि माझ्या बाजूने बोलायचं तर कालपर्यंत चालूच होता.

माझा विषय तुला पहिल्यापासून पटला नव्हता. पाण्यात लोह कमी पडलं तर हिरवं शेवाळ ते कसं मिळवतं, यावर मला काम करायचं होतं. एकदा घर दाखवतो म्हणून तू मला दुर्गाघाटाच्या पायऱ्यांवर घेऊन गेलास. नावा बांधायच्या कड्या दगडात बसवलेल्या, गंजून लाल झालेल्या, त्यांच्याखाली गंजाचे ओघळ आणि त्या ओघळांना लागून हिरवंगार शेवाळ, तुझ्या शब्दांत काई. तू म्हणालास, तुझा विषयच चुकीचा आहे, इथे लोखंडाला काय तोटा? कड्या आहेत, नावांचे खिळे आहेत, गंगेचा सगळा गाळ त्यानेच भरलाय.

मग मी त्या पायरीवर बसून तुला शिकवणी दिली. लोखंड पुष्कळ आहे, पण ते गंजलेलं आहे. हवेने त्याला धरून ठेवलंय, ते पाण्यात विरघळत नाही, आणि जे विरघळत नाही ते पेशीच्या पोटात जात नाही. हे काई म्हणतोस ते भरल्या ताटाशी उपाशी बसलेलं असू शकतं. काही जीवाणू अशा वेळी लोह पकडून आणायला स्वतःचे रेणू बाहेर सोडतात. माझं शेवाळ तसलं काही करत नाही, ते आपल्या उंबऱ्यावरच काम करतं. भूक लागली की पेशीच्या बाहेरच्या अंगावर काही प्रथिनं वाढतात. त्यातलं एक गंजलेल्या लोहाला एक इलेक्ट्रॉन देतं, आणि तेवढ्याने ते सुटं होऊन विरघळतं. तू रसायनवाला, तुला एवढं पुरे होतं. तू म्हणालास, 'म्हणजे बसून खात नाही. सोडवून घेतं.' मला ते आवडलं होतं. तेव्हा बोलले नाही.

पुढचं मुक्तालाही मी कधी नीट सांगितलेलं नाही, कारण तू नेहमी मध्ये बोलून तुझ्या सोयीचं करून टाकायचास. आज तुला मध्ये बोलता येणार नाही.

आपण दोघांनी एक खेळ लावला होता. प्रयोगशाळेत बोलायचं ते मराठीत, वस्तूंची नावंसुद्धा मराठीत, आणि चुकून दुसरा शब्द आला तर त्याने चहा पाजायचा. झिंकला जस्त, कॉपरला तांबं. दोनदा वाफ करून निववलेलं शुद्ध पाणी एका फुगीर पोटाच्या प्लास्टिकच्या डब्यात असायचं. माझ्या कामात धातूचं भांडं चालत नसे, त्यातलं लोह पाण्यात उतरलं तर प्रयोग वाया. तर त्या डब्याचं पोट पाहून तू त्याचं नाव ठेवलंस तांब्या. सगळी भानगड तिथून झाली, आणि ते नाव तू ठेवलंस हे निदान आज मान्य कर.

त्या वर्षी बाबांनी मला मुदत घातली होती. पोरगी इतक्या लांब राहते, हातात काही दिसत नाही, वर्षात काही झालं नाही तर परत यायचं. मी कबूल केलं होतं. शेवटच्या प्रयोगाला मी काचेच्या चंबूंच्या दोन रांगा लावल्या. सगळ्यांत लोह सारखंच, अगदी थोडं. खनिजांचे बाकीचे थेंब एकेक करून घालत होते, तांबं शेवटी. पहिली रांग पुरी झाली, दुसरीत फक्त तांबं घालायचं राहिलं, आणि निरोप आला की बाबा आलेत, ब्रह्माघाटाजवळ आपल्या लोकांच्या धर्मशाळेत उतरलेत. मी पळत सुटले. जाता जाता तुला सांगितलं, 'राहिलेल्या रांगेत तांब्याचं पाणी घाल.'

पुढच्या आठवड्यात पहिली रांग हिरवी आणि दुसरी पिवळी. एकच शेवाळ, तेच लोह, तोच प्रकाश, आणि निकाल दोन. याचा अर्थ मला एकच लागला, की माझा हात भरवशाचा नाही. मी बाबांना सांगितलं, येते मी. होस्टेलवर ट्रंक भरायला घेतली. तू फाटकाशी आलास. तुझा चेहरा असा झाला होता की आत बोलवायची सोय नसतानाही पहारेकऱ्याने तुला बसायला स्टूल दिलं. तू म्हणालास, पिवळी पडली ती अख्खी रांग माझ्या हातची आहे, तुझ्या हातची एक नाही. मी काय चुकलो ते सांग.

मी विचारलं, काय घातलंस?

'तू सांगितलंस तेच. तांब्याचं पाणी.'

'मग पिवळं का पडेल?'

'मला काय माहीत? काठोकाठ भरलेला होता तांब्या.'

मी म्हटलं होतं तांबं या धातूचं पाणी, म्हणजे छोट्या बाटलीतलं मोरचुदाचं पातळ पाणी. तू घातलंस तांब्या या डब्याचं पाणी, म्हणजे निव्वळ पाणी. मी म्हटलं, अरे, त्याला 'तांब्यातलं' म्हणतात. तू म्हणालास, आमच्या घरी 'तांब्याचं' म्हणतात. हिंदीत 'लोटे का पानी', मग मराठीत तांब्याचं पाणी, यात चुकलं काय? मी रडत होते की हसत होते ते त्या पहारेकऱ्याला कळलं नाही, आणि मलाही कळलं नाही. मग हसणं थांबलं, कारण दोघांच्याही डोक्यात एकदमच प्रकाश पडला. त्या रांगेला लोह मिळालं होतं. मिळालं नव्हतं ते तांबं. आणि पिवळं पडलं होतं, म्हणजे उपाशी होतं ते लोहासाठी.

आपण परत गेलो आणि पिवळ्या रांगेतल्या निम्म्या चंबूंत तांब्याचा एकेक थेंब घातला. लोह कणभरही नाही. बाबांना मी थोडं थांबा म्हणाले, ते थांबले. नाखुशीने, पण थांबले. थेंब पडलेले चंबू हिरवे व्हायला लागले तेव्हा मी बाबांना वर घेऊन आले. त्यांनी एक हिरवा आणि एक पिवळा चंबू खिडकीपाशी धरून पाहिला.

'यात लोखंड घातलंस?'

'नाही बाबा. तांबं घातलं.'

'मग लोखंड कुठून आलं?'

'होतंच. त्याला घेता येत नव्हतं.'

बाबांनी दोन्ही चंबू जपून खाली ठेवले. मग म्हणाले, 'मग तू राहा.' आणि दुसऱ्या दिवशी एकटे परत गेले.

मोठा शोध लावला म्हणून आपण दोन दिवस हवेत होतो. माझ्या मार्गदर्शक सरांनी हसून एक छापील लेख समोर टाकला. दुसऱ्या देशातल्या लोकांनी हे आधीच शोधून ठेवलं होतं. आपलं त्यात पहिलेपण काही नव्हतं. पण माझं काम उभं राहिलं, प्रबंध झाला, आणि सोडवून घेतलेल्या लोहाचं पुढे काय होतं ते आपल्याला नीट कळलं. ते कळल्यावर तू जितका चिडलास तितका मी तुला पुन्हा कधी पाहिला नाही.

गंजलेलं लोह सोडवलं, इथवर तुला मंजूर होतं. पण सुटं झालेलं लोह पेशी तसंच आत घेत नाही. दाराशी तांबं पोटात बाळगून बसलेलं एक प्रथिन असतं, ते लोहाकडून इलेक्ट्रॉन परत काढून घेतं, म्हणजे त्याला पुन्हा गंजलेल्या रूपात आणतं, आणि त्याच क्षणी शेजारच्या दारातून आत सरकवतं. तांबं नसेल तर हे प्रथिन बिनकामाचं आणि दार बंद. तुझा आक्षेप असा, की हा काय झमेला आहे? आधी सोडवायचं, मग परत बांधायचं, हे कुठलं शहाणपण? मी म्हटलं, सुट्या लोहासारखे दिसणारे धातू पुष्कळ. मँगनीज आहे, जस्त आहे. दार सगळ्यांना उघडं ठेवलं तर कुणीही घुसेल. पण बदलून हातोहात पुढे द्यायचं हे फक्त लोहाला जमतं, म्हणून आत जातं ते फक्त लोह. तू म्हणालास, मग आधीच गंजलेलं होतं ते सरळ का नाही घेत? मी म्हटलं, कारण ते दुसऱ्याला बांधलेलं असतं.

आपण संकठा घाटाच्या पायऱ्यांवर होतो, समोरून एक नाव गेली. मग पाण्याकडे बघत म्हणालास, 'म्हणजे माहेरची गाठ सोडायची आणि सासरची बांधायची.'

मी म्हटलं, माझ्या विषयात तुमच्या घरची भिक्षुकी आणू नकोस. पण तू ते बोलताना माझ्याकडे पाहिलं नव्हतंस, आणि मी तुझ्याकडे पाहत होते. लग्नाचं विचारायची ही कुठली पद्धत, असं मी पुढे कितीतरी वेळा तुला टोचलं. मला ती पद्धत आवडली होती, हेही तुला सांगायचं राहिलं.

आणि मग तुमच्या घरात माझी गाठ पडली ती तुझ्या आईशी. नवी नवरी, पहिलाच आठवडा, बाहेर ओसरीवर तुमच्याकडचे दोघे-तिघे गुरुजी बसलेले. आतून सासूबाईंनी सांगितलं, 'सूनबाई, बाहेर तांब्याचं पाणी दे गं.' मी सांगलीची. मला वाटलं, काशीची माणसं आहेत, गुरुजींना तांब्याचंच पाणी लागत असेल. मी देवघरात गेले आणि तांब्याच्या गडूतलं गंगाजल नेऊन त्यांच्यापुढे ठेवलं. सोवळ्यातल्या गडूला मी ओवळ्याने हात लावलेला. सासूबाई दारात थिजून उभ्या. एका गुरुजींनी मात्र श्रद्धेने हात जोडले, सगळा गडू रिकामा केला आणि म्हणाले, अशी सून मिळायला भाग्य लागतं.

तू भिंतीकडे तोंड करून हसत होतास. मी डोक्यावरचा पदर सावरत, सगळ्यांसमोर, दातओठ खाऊन म्हटलं, 'अहो, जरा आत या.' एरवी अरे-दिनू, पण त्या घरात आईंसमोर अहो. आत आल्यावर तू म्हणालास, बघ, मी म्हणत होतो ना, आमच्या घरी असंच म्हणतात. तुला माझी फजिती दिसत नव्हती, पुरावा दिसत होता.

पण सासूबाई मोठ्या मनाच्या. त्यांनी गडू चिंचेने लख्ख घासला, भरून जागेवर ठेवला, आणि दुपारी मला जवळ बसवून विचारलं, तुझ्या गावी काय म्हणतात? मी म्हटलं, तांब्यातलं. त्यांनी दोन-तीनदा ते पुटपुटून पाहिलं. म्हणाल्या, 'तोंडाला जरा जड आहे गं.' आणि हसल्या. त्या दिवसापासून मला त्यांची भीती वाटली नाही. शेवाळाच्या खतपाण्यासाठी वेगळा कुकर स्वयंपाकघरात ठेवायला त्यांनी परवानगी दिली तीही पुढे याच हसण्यावर. त्या कुकरला त्या 'तुझ्या काईचा कुकर' म्हणायच्या आणि त्यात चुकूनही डाळ शिजू द्यायच्या नाहीत.

मुक्ता झाली आणि मी संशोधन सोडलं. मुलींच्या कॉलेजात शिकवायला लागले. मला त्याची खंत फारशी वाटली नाही, शिकवणं मला मनापासून आवडलं. पण प्रयोगशाळा आवरताना माझ्या शेवाळाच्या नळ्या फेकायच्या ढिगात गेल्या होत्या, त्या तू रुमालात गुंडाळून घरी आणल्यास. तो फुगीर पोटाचा प्लास्टिकचा डबाही आणलास. मी म्हटलं, हा पसारा कशाला? तू म्हणालास, बस्स, एक फळी लागेल. पुढे तू शाळेत विज्ञान शिकवायला लागलास, हजार कामं तुझ्या मागे, पण ती फळी सुटली नाही. कुकरमध्ये खाद्य उकळणं, काडीची ज्योत धरून नळीचं तोंड भाजणं, हे सगळं तू करायचास आणि मी चहा पीत बघत बसायचे. मुक्ताने लहानपणी एकदा तुला विचारलं होतं, बाबा, हे तुमचं आहे? मी आतून ऐकलं. तू म्हणालास, 'नाही, आईचं आहे. मी फक्त पाणी घालतो.'

मी सोडलं ते तू धरून ठेवलंस, आणि एकदाही, भांडणातसुद्धा, ते ऐकवलं नाहीस. मला परत कधी करावंसं वाटलं तर हाताशी असावं, एवढ्यासाठी तू एवढी वर्षं महिन्याच्या महिन्याला उठत राहिलास. दिनू, माणसं नवऱ्याने काय दिलं म्हणून विचारतात तेव्हा दागिने मोजतात. मला तुझं हे आठवतं आणि इतकं भरून येतं की दुःख जरा वेळ बाजूला बसतं.

तर आता कालचं सांगते.

पिवळं म्हणजे मेलेलं नव्हे, हे मी माझ्या विद्यार्थिनींना इतक्यांदा सांगितलंय की झोपेतही सांगेन. लोह कमी पडलं की पेशी आधी हिरवेपणावरचा खर्च आवरते, कारण हिरवेपणाच्या कामाला लोह फार लागतं. खायला दुसरं काही मिळत असेल, जसं आपण व्हिनेगरमधलं आम्ल घालतो, तर ती उरलंसुरलं लोह श्वासासाठी राखते आणि रंग जाऊ देते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं संपलं. आत ती जिवंत असते आणि उंबऱ्यावर वाट बघत असते. मी मुक्ताला हे सांगत सांगत स्वयंपाकघरात खाद्य तयार करत होते. ती माझ्याकडे जरा चमत्कारिक बघत होती. मी शेवाळाबद्दल बोलतेय ना, असं तिला विचारायचं असावं.

माझे दोन्ही हात अडकलेले होते. पातेल्यात शुद्ध पाणी आणखी पेलाभर हवं होतं. निखिल दाराशी उभा होता, मदत करायची म्हणून उत्सुक. मी म्हटलं, 'निखिल, यात जरा तांब्याचं पाणी ओत.'

'हो आई,' म्हणाला, आणि खोलीत जाऊन आपली बाटली घेऊन आला. हल्ली पुण्याची मुलं तब्येतीसाठी तांब्याच्या बाटलीतून पाणी पितात, तुला माहीत आहे. रात्रभर भरून ठेवलेली ती बाटली त्याने माझ्या पातेल्यात ओतली, आणि वर कौतुकाने म्हणाला, 'शेवाळालाही हे चांगलं असतं का?'

फळीवरून आणलेला तो फुगीर डबा माझ्या हाताच्या अंतरावर होता. त्याला कोण तांब्या म्हणेल? मुक्ताने एकदा डब्याकडे पाहिलं, एकदा बाटलीकडे, आणि ती खाली बसून हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. निखिल घाबरला, काय चुकलं म्हणून विचारत राहिला. मुक्ता त्याला म्हणाली, 'अरे, तुझं काही नाही चुकलं. आई बाबांची मराठी बोलतेय.'

माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं. मी, सांगलीची, आयुष्यभर तुला 'तांब्यातलं' शिकवणारी, सहज 'तांब्याचं' बोलून गेले होते. कालच नाही, मुक्ता म्हणते, कित्येक वर्षं मी तसंच म्हणते. तू ते ऐकत होतास आणि मला टोकलं नाहीस. जिंकलेला माणूस इतका गप्प कसा बसू शकतो?

मी ते खाद्य फेकलं नाही. कुकरला लावलं, शिट्ट्या झाल्या, निवल्यावर नळ्यांत भरलं. लोह त्यात तसंही फार नव्हतं, पण तांबं आता भरपूर होतं. आणि मी मुक्ताला म्हटलं, माझं तिकीट काढू नकोस.

ती म्हणाली, 'आई, इथे आता काय उरलंय तुझं?'

मी म्हटलं, होतं ते सगळं इथेच आहे. मला फक्त घेता यायला हवं. पुण्यात मी पाणी मागेन आणि प्रत्येक वेळी कुणाला तरी समजावून सांगावं लागेल. इथे गल्लीत मी तांब्याचं पाणी म्हटलं की कुणीही लोटा भरून देतं. मुक्ता रुसली, निखिलशी हळू आवाजात बोलली, जिन्याचं आणि खुर्चीचं सगळं पुन्हा एकदा मला ऐकवलं. तिचं खरं आहे. मी तेही तिला सांगितलं. शेवटी डोळे पुसून ती म्हणाली, नळीचं तोंड कसं भाजतात ते मला दाखव. मी दाखवलं. जुन्यातलं चिमूटभर पिवळं सोडून एक नळी तिने स्वतःच्या हाताने केली आणि तिच्यावर काही लिहायचं का म्हणून विचारलं. मी म्हटलं, काही नको, कुणाचं आहे ते मला ठाऊक आहे.

आज सकाळी त्या नळीच्या कडेला हिरवटपणाची शंका येतेय. चष्मा पुसून दोनदा पाहिलं. मला हवं म्हणून दिसतंय की खरंच आहे, हे परवापर्यंत कळेल. तोवर तुझी फळी मी पुसून घेतलीय, पडदा धुवायला टाकलाय, आणि तुझा डबा जागेवर आहे.

तांब्याचं म्हणजे तांब्याचं, दिनू. मराठी तुझीच बरोबर होती. पण हे मी सांगलीत कुणाला सांगणार नाहीये.